अंधारातली मोजणी

१४ सप्टेंबर १९०८, सोमवार

आज त्या बाईचं घड्याळ आमच्या अंधाऱ्या खोलीत शिरलं.

एवढंसं घड्याळ, बिस्किटाएवढं. नर्स किनॅन ते छातीवर उलटं टाचून गावभर हिंडते, रोग्यांची नाडी मोजायला. त्याला सेकंदांचा वेगळा काटा आहे म्हणे. दुपारी माझा भाऊ मॅट दुकानात आला. मी एका शेतकऱ्याला खिळे तोलून देत होते. म्हणाला, "विनी, आज तू आत नको येऊस. गिऱ्हाइकं बघ. मिस किनॅन आल्यात, त्यांच्याकडे घड्याळ आहे."

"आणि मी इतकी वर्षं काय करत होते?"

"तू नमो मरिये म्हणत होतीस, आणि झकास म्हणत होतीस," तो हसून म्हणाला. "आज तुला सुट्टी."

सुट्टी म्हणे. चौदा वर्षांपूर्वी माझ्या भावाने कॅमेरा घेतला, तेव्हापासून जिन्याखालच्या त्या कोठडीत त्याच्याशेजारी मी उभी राहत आलेय. तो फोटोची काच औषधाच्या तबकात सोडतो आणि तबक हलवत राहतो. लाल दिव्यात त्याला धड दिसत नाही, म्हणून मी जपमाळेवर मरियेची प्रार्थना म्हणत वेळ मोजते. वीस नमो मरिये पुऱ्या झाल्या की मी "झालं" म्हणते, तो काच उचलून दुसऱ्या औषधात टाकतो, आणि काचेवर उमटलेलं कायमचं राहतं. कमी म्हटल्या तर चित्र उमटतच नाही, जास्त म्हटल्या तर काळंठिक्कर. माझी मोजणी एकदाही चुकलेली नाही. बोटींच्या शर्यती, बाजारातले बैल, बिशपांची भेट, सगळे फोटो दुकानाच्या खिडकीत लावलेत आणि प्रत्येकाखाली "एम. हेनेबरी" असं लिहिलंय. मी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

पाऊण तास दोघं आत होती. मी त्या दारावरून तीनदा गेले. दिव्याचं तेल त्याच बाजूला ठेवलेलं असतं.

१७ सप्टेंबर, गुरुवार

ही वही कोण वाचणार आहे, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. मला तिचा हेवा वाटतो. तिच्या ताठ पाठीचा, तिच्या सायकलचा, ती मॅटशी कौन्सिलबद्दल बोलते आणि तो ऐकून घेतो त्याचा. मी कौन्सिलबद्दल बोलले की तो पाव मागतो.

मॅट सत्तेचाळीसचा आहे आणि मी चव्वेचाळीसची. आमच्या क्लूनगार गावात दुकानदाराने या वयात लग्न करणं म्हणजे काही उशीर नाही, उलट आता कुठे त्याचं डोकं ताळ्यावर आलं असं लोक म्हणतात. मग बहिणीचं काय होतं तेही मी पाहिलंय. जोसी ब्रॉफीने भावाचं घर वीस वर्षं सांभाळलं. वहिनी आली तेव्हा जोसीने तिच्या हातात स्वतः चहा दिला. सहा आठवड्यांनी जोसी किलकेनीला मावसभावाकडे पाहुणी म्हणून गेली. आता तिथे ती सात मुलांचे मोजे रफू करते आणि दर नाताळला मला लिहिते की हवा छान आहे.

मला किलकेनीला जायचं नाही. मला हे दुकान, ही चूल आणि हा भाऊ सोडून कुठेही जायचं नाही.

२२ सप्टेंबर, मंगळवार

बॅक लेनमधल्या मिसेस टूमी चहापत्ती घ्यायला आल्या. त्या एक पुडा घेतात आणि तासभर बातम्या देतात.

"मॅटसाहेब आमच्या गल्लीत आले होते हो काल, तो तीन पायांचा पेटारा घेऊन. नर्सबाई बरोबर. तिला माझ्या दारात उभं केलं नि म्हणतात कसे, हलू नका. ती कसली हलतेय. मूर्तीसारखी उभी. शोभून दिसत होती हो."

"तुमच्या दारात कोणीही शोभून दिसेल, मिसेस टूमी. दार एवढं बुटकं आहे."

"तेच तर. तिचं डोकं चौकटीला टेकत होतं. पण मॅटसाहेब बघत होते ते चौकटीकडे नाही, एवढं मी सांगते."

रात्रीच्या जेवणाला मी मॅटला विचारलं. त्याचा चेहरा उजळला, पण तो गल्लीबद्दलच बोलत राहिला. आठ ऑक्टोबरला डब्लिनहून सरकारी निरीक्षक येणार. बॅक लेनमधली ती चौदा खोपटी माणसांनी राहण्यालायक नाहीत असं त्याने लिहून दिलं, तर कौन्सिलला नवी घरं बांधता येतील. खोपटी मॅटबरोबर कौन्सिलवर असलेल्या ऑगस्टीन डेव्हरूची आहेत, आणि तो भर सभेत म्हणतो की जागा उत्तम आहे, भाडेकरूच अस्वच्छ आहेत. म्हणून मॅट आतल्या खोल्यांचे फोटो काढून निरीक्षकापुढे ठेवणार. परवाचे साधे फोटो फसले. भिंतीवरची हिरवी ओल आणि तांबडी बुरशी साध्या काचेवर नुसता काळा गोळा होऊन येते. लंडनहून नव्या जातीच्या काचा मागवल्यात.

"मिस किनॅन म्हणतात, गेल्या हिवाळ्यात त्या गल्लीत नऊ मुलं छातीच्या दुखण्याने आजारी पडली," तो म्हणाला.

जेवण संपेपर्यंत "मिस किनॅन म्हणतात" हे मी सात वेळा ऐकलं. मोजण्यात मी हुशार आहे.

२६ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस माझा.

नव्या काचा आल्या, आणि पेटीवर छापलंय की यांना लाल दिवासुद्धा चालत नाही. मिट्ट काळोख हवा. मिट्ट काळोखात घड्याळ काय दाखवणार. मॅट डोकं खाजवत माझ्याकडे आला. "विनी, आता तुझ्याशिवाय गत्यंतर नाही बघ."

नर्सबाई तिथेच होती. म्हणाली, "मी बाहेर उभी राहून घड्याळ बघते आणि दारावर टकटक करते. चालेल?"

"कशाला," मॅट म्हणाला. "विनीची मोजणी चौदा वर्षांत चुकलेली नाही. तुम्ही आत या, काचा एका तबकातून दुसऱ्यात घालायला दोन हात जास्त लागतील."

संध्याकाळी मी चहाबरोबर सफरचंदाचा केक केला. तिलाही दिला. मोठा तुकडा दिला.

२९ सप्टेंबर, मंगळवार

केक घशात अडकायला हवा होता तिच्या.

आज दुकानात आली आणि अगदी सहज विचारते, "मिस हेनेबरी, चहाची दोन रिकामी खोकी मिळतील का? पुस्तकं आणि भांडी भरायची आहेत."

"कुठे निघालात?" मी विचारलं.

ती लाल झाली. "अजून बोलायचं नाही असं ठरलंय," म्हणाली. "मॅथायसना माहीत आहे."

मॅथायस. मॅटचं पूर्ण नाव. मी तिला दोन खोकी दिली, त्यातली खिळे वर आलेली निवडून दिली. सामान भरायचं म्हणजे हलायचं, आणि ते मॅटला माहीत म्हणजे आमच्याकडेच हलायचं. दुसरं काय असणार. माझी नि मॅटची खोली सोडल्यास या घरात वरती एकच खोली आहे, आणि तिथे बियाण्यांची पोती आहेत. मॅटने काल ती पोती खाली आणायला सांगितली. मी म्हटलं कशाला, तर म्हणाला घरच्या मिस्सेला माणसं येतील, त्यांचे कोट ठेवायला.

यंदा शरदातल्या मिस्सेची, फादरांनी घरी येऊन करायच्या उपासनेची, पाळी आमच्याकडे आहे, हे खरं. वीस ऑक्टोबरला फादर येतील, बैठकीच्या खोलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची पापकबुली ऐकतील, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा होईल आणि मग न्याहारी. पण कोट ठेवायला अख्खी खोली?

३ ऑक्टोबर, शनिवार

मिस्सेसाठी घराला चुना दिला. बाजाराचा दिवस म्हणून दुकानात गर्दी. डेव्हरूचा कारभारी आला, चुन्याची बारा पोती आणि कुंचले घेऊन गेला. त्याने विचारलं, "आजच मिळतील ना?" मी म्हटलं, "आमच्याकडे सगळं आजच मिळतं." एका गिऱ्हाइकाला एवढा चुना मी आजवर दिला नव्हता. मॅटला सांगायचं राहून गेलं. तो बॅक लेनमध्ये होता, तिच्याबरोबर.

५ ऑक्टोबर, सोमवार

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

बारा काचा होत्या. एका वेळी दोन, म्हणजे सहा खेपा. पहिल्या चार काचा बाहेरच्या बाजूच्या, दारं आणि छपरं. पुढच्या आठ आतल्या खोल्यांच्या. कोठडीत आम्ही तिघं, कोपराला कोपर. दार लावल्यावर स्वतःचा हातही दिसेना. मी माळ घेतली आणि ओठांतल्या ओठांत सुरू केलं.

पहिल्या दोन खेपा मी नीट म्हटल्या. देवाशपथ नीट म्हटल्या. तिसरीला पाचव्या मण्यावर होते, तेव्हा मॅट अगदी हळू म्हणाला, "अजून विचार बदलता येईल." मी प्रार्थनेत बुडालेय असं त्यांना वाटलं असणार.

ती म्हणाली, "आता नको, मॅट. ठरलंय ते ठरलंय."

मॅट. या जगात त्याला नुसतं मॅट म्हणणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नव्हतं. मग तिच्या एप्रनची सळसळ झाली, आणि मग काहीच ऐकू आलं नाही, ते त्याहून वाईट होतं. त्या काळोखात ती दोघं काय करत होती ते मला दिसत नव्हतं, आणि मला दिसायला हवं होतं. दार उघडायला हवं होतं. पण वीस झाल्याशिवाय दार उघडत नाही.

मी धावले. शब्द गिळले, मणी एकावर एक सारले. बाराव्याला "झालं" म्हटलं की नवव्याला, मला सांगता येणार नाही. चौथ्या खेपेपासून पुढे त्याहून लवकर. प्रत्येक वेळी मॅटने विश्वासाने काच उचलली. मी मुद्दाम केलं का? काचांचं वाटोळं करायचं असं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त काळोख संपवायचा होता. पण काय होईल ते मला ठाऊक होतं. चौदा वर्षं ठाऊक आहे.

उजेडात मॅटने काचा एकेक करून खिडकीशी धरल्या. पहिल्या चार स्पष्ट. उरलेल्या आठांवर कोणीतरी श्वास सोडून गेल्यासारखं काहीतरी, बस्स. त्याने त्या पुन्हा एकेक करून टेबलावर ठेवल्या. मग म्हणाला, "माझीच चूक. आत उजेड कमी होता, मी कॅमेऱ्याचं झाकण लवकर लावलं. घाई केली."

मी टॉवेल घडी करत होते. नर्सबाई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मिस हेनेबरी, बसता का जरा? तुमची नाडी फार जोरात चाललीय."

माझ्या नाडीशी हिला काय करायचंय. हात न लावतासुद्धा मोजत बसते.

६ ऑक्टोबर, मंगळवार

मॅट सकाळीच पेटीत उरलेल्या कोऱ्या काचा घेऊन पुन्हा फोटो काढायला गेला आणि अर्ध्या तासात परत आला. बॅक लेन पांढरीशुभ्र आहे. आतून, बाहेरून, छतापासून फरशीपर्यंत. रात्रभर डेव्हरूची माणसं राबत होती. ओल ओलीच्या जागी आहे, पण वर दोन बोटं चुना.

"एवढा चुना आणला कुठून त्याने?" मॅटने विचारलं.

मी सांगितलं. तो खाली बसला आणि हसायला लागला. ते हसणं मला आवडलं नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

चौकशी अकराला सुरू झाली आणि साडेबाराला संपली. मी मागच्या बाकावर होते. निरीक्षक सभ्य माणूस, गल्ली बघून आला होता, बुटाला चुना लागला होता. मॅटने चार फोटो दिले आणि भाषण केलं. त्याच्या तोंडून इतकं अडखळतं बोलणं मी कधी ऐकलं नाही.

डेव्हरू उठला. "माननीय हेनेबरींनी आठवडाभर माझ्या भाडेकरूंच्या घरात खटपट केली, आणि हाती काय लागलं? चार दारं. दारं चांगली आहेत, हे त्यांच्याच फोटोत दिसतंय. बाकीच्या आठ काचांवर त्यांनी धुक्याचे फोटो काढलेत असं ऐकतो." सगळे हसले. मॅटच्या बाजूचेही हसले.

निरीक्षकाने लिहून घेतलं की घरं जुनी आहेत पण चांगल्या स्थितीत राखलेली आहेत. नवी घरं मिळणार नाहीत.

बाहेर पडताना मिसेस टूमी माझ्याशी बोलल्या, आवाजात जराही कडवटपणा नव्हता. "मी त्या फोटोसाठी केस विंचरले होते हो. मॅटसाहेब म्हणाले, तुम्ही नका येऊ, नुसती भिंत हवी. तरी विंचरले."

१५ ऑक्टोबर, गुरुवार

मॅटने कॅमेरा पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. कौन्सिलचा राजीनामा लिहून ठेवलाय, अजून दिलेला नाही. नऊ वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा निवडून आला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन दुकानापर्यंत आणलं होतं. आता तो दुकानातून बाहेरच पडत नाही. नर्सबाई आठवडाभर फिरकलेली नाही.

रोज संध्याकाळी तो माझ्यासमोर चुलीपाशी बसतो. आम्ही दोघंच. मला हेच हवं होतं. काल तो म्हणाला, "एवढा कसा गं मी निष्काळजी, विनी?" आणि मी त्याला आणखी एक कप चहा ओतला.

२० ऑक्टोबर, मंगळवार

पहाटेपासून स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं. फादर लोनर्गन आठला आले, बैठकीच्या खोलीत खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला आत बोलावू लागले. यजमानीण म्हणून मी शेवटी गेले. उंबऱ्यापाशी मला परत फिरावंसं वाटलं, पण मागे सगळे बघत होते.

गुडघे टेकले आणि म्हटलं, "फादर, मी नमो मरिये घाईने म्हटल्या."

"विनिफ्रेड, त्याला पाप म्हटलं तर मला अख्ख्या गावाला प्रायश्चित्त द्यावं लागेल. पुढे बोल."

मग मी पुढचं सांगितलं. काळोख, काचा, गल्ली. हेव्याचंही सांगितलं, नावासकट. फादरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बाहेर कोणीतरी खोकत होतं.

"वीस नमो मरिये," ते शेवटी म्हणाले. "नीट, शांतपणे, मोठ्याने. आणि एकटीने नाही. त्याच्यासमोर."

मिस्सा झाली, न्याहारी झाली, फादर दोन अंडी खाऊन गेले, शेजारी पांगले. मॅट बैठकीच्या खोलीत खुर्च्या लावत होता. मी म्हटलं, बस जरा. आणि उभ्या उभ्याच सुरू केलं.

पहिलीला त्याला वाटलं असेल, हिला भक्ती चढली. चौथीला त्याने माझ्या हातातल्या माळेकडे पाहिलं. सातवीला त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. नववीला मी थांबले.

"त्या दिवशी इथपर्यंतच?" त्याने विचारलं.

"इथपर्यंत. कधी याच्याही आधी."

"का?"

"ती तुला मॅट म्हणाली. ठरलंय म्हणाली."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "काय ठरलं होतं ते सांगू तुला? तिने गॉलवेला बदली मागून घेतली होती. पुढच्या महिन्यात ती जाणार. मीच दोन वर्षांपूर्वी तिला सांगितलं होतं, विनी या घरात आहे तोवर मी दुसरी बाई आणणार नाही. तिने वाट पाहिली. मग म्हणाली, बहिणीने मरावं म्हणून वाट बघत बसणं मला जमणार नाही, मी जाते. निरीक्षक येऊन जाऊ दे, तोवर गल्लीसाठी थांबते."

मी खुर्ची ओढून बसले. त्याने मला बसू दिलं, हात दिला नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू रडत किलकेनीला गेली असतीस, जोसीसारखी. मला ते नको होतं." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "ती आत होती. नाडी मोजणारी बाई आहे ती, तिला झोपेतही सेकंद कळतात. तिला कळलं असणार."

"कळलं होतं," मी म्हटलं. त्या दिवशीची तिची नजर मला आत्ता वाचता आली.

"आणि ती मला बोलली नाही." तो स्वतःशीच बोलत होता. "मी तिच्यासमोर स्वतःला शिव्या देत होतो आणि ती बोलली नाही. ती जाणारच होती, म्हणून निदान माझी बहीण तरी मला राखून ठेवली तिने."

त्याने कोट घातला. मी विचारलं, "मी कुठे जाऊ?"

"कुठेही जाऊ नकोस. घर तुझं आहे," तो म्हणाला. "पण मी आता तिला जाऊ देणार नाही. उरलेल्या अकरा म्हण, विनी. मला त्या ऐकायच्या नाहीत."

मी त्या म्हटल्या नाहीत. खिडकीशी जाऊन उभी राहिले. तो रस्ता ओलांडून चॅपलच्या कोपऱ्यापर्यंत भरभर गेला आणि तिथे थांबला. मला वाटलं, परत येतोय. पण तो दवाखान्याच्या काचेत बघून कॉलर नीट करत होता, मग केसांवरून हात फिरवला, आणि तिच्या दाराकडे वळला.